झुबेदाभाभीने चालता केलेला माणूस

दाभोळच्या बंदरात गुलाम रसूल तांडेलाला ओळखत नाही असं कोणी नव्हतं. उभं आयुष्य त्याने शिडाची गलबतं चालवली. मंगळूरहून कौलं भरायची आणि मुंबईला उतरवायची. आमच्या शेजारीच त्याचं घर. पण चोपन्न सालच्या पावसाळ्यात तो घरी बसला, तो बसलाच. सारखी तहान, सारखी लघवी, पायांना मुंग्या. नारळी पौर्णिमेनंतर गलबतं पाण्यात गेली आणि त्याच्या जागी दुसरा तांडेल चढला. हा ओटीवरच्या बाकड्यावर सुजल्यासारखा बसून असायचा. बोलायचा नाही. बोललाच तर बायकोला म्हणायचा, "मी मेलोच आहे गो. पुरायचा तेवढा राहिलोय."

त्याची बायको झुबेदाभाभी. अंगाने काटकुळी, आवाज मात्र खणखणीत. वर्षातले आठ महिने नवरा दर्यावर, त्यामुळे घर, दोन मुलांची मरणं, उरलेल्या लेकीचं, अजराचं लग्न, सगळं तिने एकटीनेच निभावलेलं. आता कुठे नवरा डोळ्यांसमोर होता, तर असा.

तिनेच त्याला एस.टी.त घालून दापोलीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत औषध घालून लघवी तापवली. ती विटेसारखी लाल झाली.

"मधुमेह आहे," ते म्हणाले. "गोड बंद, भात कमी, आणि रोज चालायचं. धावायचं नाही. बोलता बोलता चालता येईल अशा बेताने. पण रोज. एक दिवस चाललात आणि चार दिवस बसलात तर काही उपयोग नाही."

"गलबतावर चालायला जागा कुठे असते डॉक्टर? मला ती सवयच नाही," तांडेल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत झुबेदाभाभी त्याच्या वहाणा घेऊन उशाशी उभी. त्याने तिला खलाशांना घालायच्या शिव्या घातल्या. ती म्हणाली, "चालता चालता द्या शिव्या. उठा."

आधी विहिरीपर्यंत. मग खाडीकाठच्या मशिदीपर्यंत. तो पुढे, ती चार पावलं मागे. बंदरावरचे लोक हसायचे, तांडेलाला बायकोने दावं लावलंय म्हणायचे. तिने ऐकून घेतलं. थंडी संपता संपता दोघं घाटी चढून वर सड्यावर, जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर जायला लागली. उन्हाळ्यात जांभा तापायच्या आत परत यायची.

आणि माणूस बदलला. पोट उतरलं, रात्रीची झोप लागायला लागली, पायांच्या मुंग्या कमी झाल्या. डॉक्टरांच्या नळीतला रंग आधी हिरवट झाला, मग निळाच राहिला, म्हणजे साखर नाही. सड्यावरच्या वाटेने तो बोलायलाही लागला. कुठल्या वादळात काय झालं, कोण खलाशी कसा बुडाला, जे कधीच सांगितलं नव्हतं ते. झुबेदाभाभी माझ्या आईला म्हणाली होती, "सोनूबाई, निका होऊन इतकी वर्षं झाली, पण ह्या माणसाची ओळख मला आता होतेय." तेव्हा ती लाजली होती, हे आईने पुष्कळदा सांगितलं.

पुढच्या हंगामात गलबताचा मालक असलेल्या अयूब नाखव्याने त्याला घाटी चढताना पाहिलं. नाखव्याच्या गलबतावरचा तांडेल सोडून गेला होता. त्याने तिथेच विचारलं.

त्या दिवशी घरात भांडण झालं, ते आम्हाला भिंतीपलीकडे ऐकू आलं.

"आता कशाला जायचं?" ती म्हणत होती.

"मग चालायला लावलंस कशाला? ओटीवर बसायला?"

तिच्याजवळ एकच उपाय उरला होता. ती त्याला परत दापोलीला घेऊन गेली. डॉक्टर नको म्हणतील अशी तिची आशा. त्यांनी नळी उजेडात धरली, छाती तपासली, आणि तिच्याकडे बघून हसून म्हणाले, "प्रकृती उत्तम आहे. पथ्य सांभाळा आणि जाऊ द्या की त्यांना."

तो गेला. दोनतीन फेऱ्या करून सुखरूप आला. मे महिन्यातल्या शेवटच्या फेरीला गलबत वेंगुर्ल्याच्या अलीकडे वादळात सापडलं. दोन खलाशी फळ्यांना धरून वाचले. तांडेल शेवटपर्यंत सुकाणूवर होता, एवढंच त्यांनी सांगितलं. मयत मिळालं नाही.

झुबेदाभाभी रडली नाही. आई तिच्याजवळ बसून होती. भाभी सारखं एकच म्हणायची, "बसला होता तर जिवंत होता. मीच उठवला."

अजरा मुंबईला सासरी असायची, ती आली होती. ती म्हणाली, "अम्मा, बसून राहिले असते तरी अब्बा गेलेच असते. आजार होता तो."

"इथे गेला असता. माती तरी दिली असती."

विधवेने घरात राहायची इद्दत संपली तरी ती घराबाहेर पडली नाही. आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसायची. पाणी भरायचं काम आईच करायची. वर्षभरात पाय सुजले, गुडघे धरले, रक्तदाब वाढला. अजराने त्याच डॉक्टरांना घरी आणलं. त्यांनी तपासलं आणि हळू आवाजात म्हणाले, "भाभी, तुम्ही त्यांना बरं केलंत. तुम्हाला मी काय नवीन सांगू? अंगणात तरी रोज चाला."

"आणि कुठे जाऊ?" तिने विचारलं.

डॉक्टर पिशवी उचलून निघाले.

अजराने हाताला धरून प्रयत्न केले. भाभी दारापर्यंत यायची आणि खाली बसायची. दुखतं म्हणायची नाही, नकोच म्हणायची. थंडीत तिच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली.

शेवटी अजराने तिला आपल्याबरोबर मुंबईला न्यायचं ठरवलं. चौघांनी खुर्चीवर बसवून तिला धक्क्यावर नेलं. बोट लागेपर्यंत खुर्ची खाडीकडे तोंड करून ठेवली होती. आईने ती सरकवून गावाकडे वळवली. भाभीचा हात हातात घेतला, तर तो थंडगार आणि जड लागला. "येशील ना परत?" आईने विचारलं. भाभीला आता नीट बोलता येत नव्हतं. तिने मान हलवली, पण हो म्हणाली की नाही, ते आईला कळलं नाही.

पाऊस लागायच्या आधीच ती गेल्याचं मुंबईहून आलेल्या खलाशाने सांगितलं. तिला तिकडेच माती दिली. इथलं घर बंदच राहिलं.