रेहानाबाई आणि अस्वलिणीची झोप

जनावर टेबलावर आलं, की रेहानाबाई आधी यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्यावर पांढरी चिकटपट्टी लावत, आणि मग हात धूत. चंद्रपूरबाहेरच्या आमच्या वन्यप्राणी उपचार केंद्रात मी नवा आलो, तेव्हा मला वाटलं की काच तडकली असेल. विचारलं तर म्हणाल्या, "काच चांगली हाय, भाऊ. आकडा माणसाचा हाय."

यंत्र खरोखरच माणसांसाठीचं होतं, नागपुरातल्या एका बंद पडलेल्या दवाखान्यातून आलेलं. शस्त्रक्रियेच्या वेळी डोक्यावरून मेंदूतली वीज टिपायची आणि भूल किती गाढ आहे ते एका आकड्यात सांगायचं, हे त्याचं काम. आकडा चढला तर रोगी जागेपणाकडे आला, उतरला तर खोल गेला. पण तो हिशेब माणसांच्या मेंदूंवरून बसवलेला. बिबट्यासाठी, अस्वलासाठी तो कुणी बसवला नव्हता. आकड्याखाली मात्र मूळ लहर उमटत राहायची, एक वेडीवाकडी हिरवी रेघ. भूल देण्याचं काम रेहानाबाईंचं, आणि त्या ती रेघच वाचत.

त्यांच्या वडिलांचं शहरात मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. माजरीच्या खाणीतले जळालेले पंप तिथे दुरुस्तीला यायचे. पंप सुरू करून वडील डोळे मिटून ऐकत उभे राहायचे, आणि तेवढा वेळ दुकानात कुणी बोलायचं नाही, असं बाई सांगायच्या. बाईंचं पाहणंही तसंच होतं. रेघेकडे बघताना कुणी काही बोललं, की हात वर करून म्हणायच्या, "जरा पाहू द्या." बाईंना जाऊन आता वर्ष होत आलं. तो वर केलेला हात मला अजून दिसतो.

चिकटपट्टीमागे एक बिबट्या होता. ती गोष्ट माझ्या आधीची. एकदा डबा खाताना त्यांनीच सांगितली. शस्त्रक्रिया चालू असताना त्याचा पाय हलला, आकडाही चढला, म्हणून त्यांनी भूल वाढवली. बिबट्या उठलाच नाही. यंत्रात साठलेली रेघ त्यांनी नंतर उघडून पाहिली. "मेंदू तर पार सपाट झाला होता. हलून राह्यला होता तो निस्ता पाय. मी आकड्याले विचारलं, भाऊ. बिबट्याले विचारलंच नाई." एवढं बोलून त्यांनी डबा बंद केला.

मोहफुलांच्या दिवसांत धानोऱ्याकडून एक अस्वलीण आली. रानडुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फासात तिचा पुढचा पंजा अडकला होता आणि तार हाडापर्यंत रुतली होती. शस्त्रक्रिया मेश्राम सर करत होते, आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ. मी भुलीच्या गॅसच्या चाकापाशी होतो. दाराशी एक वनरक्षक काठी घेऊन उभा होता.

अर्धी तार निघाली, आणि पंज्याची बोटं मिटली. एक नख सरांच्या हातमोज्यावरून घासून गेलं आणि मोजा फाटला. सर मागे सरले. त्यांनी मला आकड्यावरची पट्टी काढायला सांगितली. मी काढली. आकडा चांगलाच चढलेला होता.

"गॅस वाढवा," सर म्हणाले.

"वाढवू नका. कमी करा," रेहानाबाई म्हणाल्या. नजर रेघेवरच होती.

माझा हात चाकावर होता. तो मी कुठेच फिरवला नाही.

"माहा हात हाय तिच्या पंज्यात, बाई. तुमचा नाई."

"अस्वलाच्या कवटीवर जबड्याचं मांस टोपीसारखं बसलं असते, सर. यंत्राच्या सुया त्यातूनच गेल्या. ते मांस थरथरून राह्यलं, त्याचा हा आकडा हाय. मेंदू पाहा तिचा. जरासा उसळते अन् सपाट होऊन गप्प बसते. पुन्हा जरासा उसळते. त्या उसळीसंगंच बोटं हलून राह्यली. अजून गॅस दिला तर नाई उठत ही."

"अन् तुमचं चुकलं तर?"

बाई टेबलाला वळसा घालून पलीकडे गेल्या. अस्वलिणीचं मनगट त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. नखं त्यांच्या कोपराजवळ येत होती. "तर पहिले माहा हात," त्या म्हणाल्या. "भाऊ, कमी करा."

मी चाक मागे फिरवलं. बोटं पुन्हा एकदा मिटली. सर हलले नाहीत, बाईही हलल्या नाहीत. रेघेतले सपाट तुकडे लांबच लांब वाटत होते. मग ते आखूड होऊ लागले, नळीला जोडलेली श्वासाची पिशवी जरा भरून फुगू लागली, आणि बोटं आपसूक सैल पडली. सरांनी नवा मोजा चढवला आणि उरलेली तार काढली. शेवटचा टाका पडेपर्यंत बाईंनी मनगट सोडलं नाही.

खरी परीक्षा पुढे होती. भूल उतरवणारं इंजेक्शन देऊन अस्वलिणीला पिंजऱ्यात ठेवलं, पण ती डोकं उचलेना. इतर जनावरं एव्हाना धडपडू लागतात. दुपार कलली. बाई पिंजऱ्यासमोर फरशीवर बसल्या होत्या. पिंजऱ्यात ना यंत्र होतं ना रेघ.

सर आले. "काऊन अशा बसल्या, बाई? दोन घास खाऊन घ्या."

बाईंनी नको म्हणून मान हलवली. मग हळूच विचारलं, "सर, मी उशिरा सांगितलं काय?"

गुडघे धरत सरही शेजारी खाली बसले. मी मागे उभा होतो.

कितीतरी वेळाने पट्टी बांधलेला पंजा फरशीवरून घसटत तोंडाकडे गेला. पाठोपाठ बारीक गुणगुण ऐकू आली. अस्वलं पंजा चोखताना करतात ती. सरांनी बाईंकडे पाहिलं. बाई आणखी पुढे सरकल्या. तेवढ्यात अस्वलीण अशी डुरकली, की वनरक्षक भिंतीला टेकला आणि सर हातांवर मागे रेलले. गजांना तिचा धक्का बसला.

"हो बाई, दे शिव्या," रेहानाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "ऐकून राह्यली मी."

ती चारी पायांवर धड उभी राहीपर्यंत त्या तिथून उठल्या नाहीत.