लाल टॅग

चाकणच्या आमच्या कारखान्यात माझा मित्र क्वालिटीला आहे. सदोष पार्ट दिसला की लाल टॅग लावून लाइन थांबवतो, मग साहेब कितीही ओरडोत. पुनावळ्याहून आम्ही एकाच कंपनी बसने जातो.

शाळांसाठी आम्ही काहीजण फुकट सॉफ्टवेअर बनवतो. त्या सॉफ्टवेअरचा ऑनलाइन ग्रुपही तोच सांभाळतो. परवा तिथे एका शिक्षिकेने अगदी साधा प्रश्न विचारला. ‘आधी वाचायला शिका,’ मी फटकन लिहिलं. त्याने मला आठवडाभर ग्रुपबाहेर काढलं.

बसमध्ये मी भडकलो. “निम्मं काम माझंय. मी सोडलं तर सगळं बंद पडेल!”

“पडू दे, राव. सॉफ्टवेअर पुन्हा लिहू. त्या बाई पुन्हा यायच्या नाहीत.”

एवढं बोलून तो रोजच्यासारखा सरकला आणि त्याने खिडकीची जागा मला दिली.