इर्जिकीतला सिनेमा

आमच्या इर्मेलीने सिनेमा काढला आणि तो चांगला आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या सावो भागात कुणी कुणाचं तोंडभर कौतुक करत नाही. फार झालं तर 'वाईट नाही' म्हणतात आणि विषय बर्फाकडे वळवतात. मी शाळेतल्या पोरांना जेवण रांधून निवृत्त झालेली बाई. मला आता कुणाची भीड उरलेली नाही. चांगला आहे म्हणजे चांगला आहे.

इर्मेली टोसावाइनेन तळ्याकाठच्या गावांमधून वाचनालयाची बस चालवते. पन्नाशी कधीच उलटली, गुडघे कुरकुरतात, पण डोक्यात एक गोष्ट बसली की बसलीच. ती गोष्ट तिच्या आजीची होती. युद्धाच्या हिवाळ्यात सरहद्द सरकली आणि पलीकडे गेलेल्या कारेलियातली माणसं घरंदारं टाकून आमच्याकडे आली. आजी दोन मुली आणि एक गाय घेऊन गोठलेल्या तळ्यावरून चालत रांतालांच्या वाड्यावर पोचली आणि तिथेच राहिली. त्या दोघींतली धाकटी म्हणजे इर्मेलीची आई, हेल्मी. दारात नेमकं काय झालं असं विचारलं, की हेल्मी एवढंच म्हणायची, "दाराशी उभ्या होतो. मग आत होतो."

हेल्मीची नजर अधू होत चालली होती. तिला दिसतंय तोवर तिची गोष्ट पडद्यावर आणायची, असं इर्मेलीने ठरवलं. मी म्हटलं, "तू? तुला साधा वाढदिवसाचा फोटो धड काढता येत नाही." ती म्हणाली, "म्हणूनच कॅमेरा सुलेवी धरणार आहे."

सुलेवी चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो. रविवारची प्रार्थना म्हाताऱ्यांना घरबसल्या दिसावी म्हणून चर्चने घेतलेला कॅमेरा त्याच्या ताब्यात असतो. तो आम्हाला सोमवार ते शनिवार मिळायचा. माइक मी धरायचे, दाताळ्याच्या दांड्याला बांधून, वर लोकरी मोजा चढवून. चालत्या माणसाबरोबर कॅमेरा न्यायचा असला की सुलेवी पायाने रेटायच्या घसरगाडीच्या खुर्चीवर बसायचा आणि मागून कुणीतरी ढकलायचं. आजीचं काम इर्मेलीनेच केलं, कारण एवढ्या थंडीत फाटका कोट घालून उभं राहायला दुसरं कोण तयार होणार!

बाकी सगळं इर्जिकीवर. आमच्याकडे गोठा बांधायचा असो की नाव ओढायची असो, शेजारीपाजारी आपणहून येतात, राबतात, वाटाण्याचं सूप आणि कॉफी पिऊन घरी जातात. पैशांचा विषय निघत नाही. तसेच सगळे सिनेमालाही आले. माळ्यावरचे कोट आले, जुनी स्लेज आली, पाठीवर पांढरा पट्टा असलेली जुन्या जातीची गाय आली. गाय तळ्याच्या मधोमध बसली आणि उठेचना. अर्धं गाव तिला उठवत होतं, उरलेलं अर्धं सल्ले देत होतं. मी तर हसून हसून माइक पाडला.

पण इर्जिकीचा एक अलिखित नियम आहे. आलेल्या माणसाला 'चुकलं' म्हणायचं नाही. कुणी खिळा वाकडा ठोकला तर 'छान' म्हणायचं आणि सगळे गेल्यावर आपण गुपचूप काढून सरळ ठोकायचा. इर्मेली याच मातीतली. प्रत्येक सीन एकदाच घ्यायची, 'छान' म्हणायची आणि सूप वाढायला लावायची. सुलेवी दबक्या आवाजात म्हणायचा, "पुन्हा घेऊ या का?" की ही त्याच्यावरच डोळे वटारायची.

शेवटचा सीन दारातला. त्यात वाड्याच्या धन्याचं काम अर्मास रांतालाने केलं. त्याच वाड्यातला, ऐंशी ओलांडलेला म्हातारा. सगळं गाव त्याला मालक म्हणतं. आजी अंगणात येते, मालक दार उघडतो. अर्मासने दार उघडलं, तोंडभर हसला, दोन्ही हात पसरून म्हणाला, "या या, आपलंच घर समजा!" इर्मेली म्हणाली, "छान."

पुढे ती बसमध्येच लॅपटॉपवर सिनेमा जोडायला बसली. पुस्तकं बदलायला येणारे लोक तिच्या खांद्यावरून डोकावायचे आणि फुकटचं मत देऊन जायचे. मी गेले तेव्हा पडद्यावर मालक हात पसरून उभे होते.

"हे काय गं? मालक हॉटेल चालवतात की काय?"

इर्मेलीने डोकं स्टिअरिंगवर टेकवलं. "हा खिळा मला मागाहून काढता येणार नाही, सिस्को. दारातला सीन खोटा म्हणजे सगळाच सिनेमा खोटा. आईला हे कसं दाखवू?"

"मग पुन्हा घे."

"मालकांना सांगू? वाईट झालं म्हणून?"

"तुला जमत नसेल तर मी सांगते."

एप्रिल लागला होता. तळ्यावरचा बर्फ करडा पडला होता. आठवड्याभरात त्यावर पाऊल ठेवता आलं नसतं. तेव्हा इर्मेली मालकांकडे गेली. सोबतीला मीही गेले.

अर्मासने कॉफी ओतली. बर्फावर बोलून झालं, माशांवर बोलून झालं. मी तिला टेबलाखालून पाय मारला.

"मालक," इर्मेली म्हणाली, "तुमचा सीन वाईट झालाय."

मला वाटलं, झालं, आता हा माणूस जन्मभर हिचं तोंड बघणार नाही.

"वाईट म्हणजे कसा?"

"खोटा."

"मग त्या दिवशी छान का म्हणालीस?"

"इर्जिकीत दुसरं काय म्हणतात, मालक?"

अर्मासने कप खाली ठेवला. "खोटाच होता. तुझी आजी आली तेव्हा मी त्या खिडकीत उभा होतो, नऊ-दहा वर्षांचा. माझा बाप हसला नव्हता. या-बिया काही म्हणाला नव्हता. तुझ्या आईसमोर ते करून दाखवायची मला लाज वाटली."

"मग केलं काय त्यांनी?"

"सांगायला नाही जमायचं मला. उद्या या. करून दाखवतो."

दुसऱ्या दिवशी कुणालाही निरोप न देता सगळं गाव हजर. गायसुद्धा. अर्मासने हेल्मीलाही आणायला लावलं. ती गाडीत घोंगडी पांघरून बसली, काच खाली करून.

इर्मेली आजीच्या मुली झालेल्या दोन पोरी आणि गाय घेऊन बर्फावरून अंगणात आली आणि थांबली. दार उघडलं. अर्मास उंबऱ्यात आला. हसू नाही, शब्द नाही. त्याने इर्मेलीकडे पाहिलंही नाही, गाईकडे पाहिलं. पायऱ्या उतरला, तिच्या हातातून दावं घेतलं, गाईच्या मानेवर हात ठेवला आणि तिला घेऊन गोठ्याकडे निघून गेला. इर्मेली रिकाम्या हातांनी उभी राहिली. पुढे काय करायचं हे तिला ठाऊकच नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मालकाच्या बापाचा रागही आला: गाय घेतली आणि माणसं बाहेर ठेवली!

तेवढ्यात गाडीतून हेल्मी ओरडली, "अगं, उभी काय राहिलीस खांबासारखी! दार उघडं टाकून गेलाय ना तो? मग जा की आत!"

तेव्हा आम्हाला दिसलं. दार सताड उघडं होतं, आतली ऊब वाफ होऊन बाहेर चालली होती. आमच्या हिवाळ्यात कुणी दार क्षणभरही उघडं टाकत नाही; पोरांना पहिली शिवी त्याच्यावरूनच मिळते. इर्मेलीने पोरींना पुढे घातलं आणि पायऱ्या चढून आत गेली.

हेल्मीचं ओरडणं माझ्या माइकमध्ये स्वच्छ आलं. सुलेवी म्हणाला, काढून टाकू. इर्मेली म्हणाली, हात लावशील तर याद राख. ते सिनेमात तसंच आहे.

'कट' म्हणायला मात्र कुणीच नव्हतं. जिने म्हणायचं ती आत जाऊन रडत होती. सुलेवी कॅमेरा धरून उभा राहिला, मी माझा दांडा. बऱ्याच वेळाने अर्मास गोठ्यातून परत आला, पायऱ्यांवर बूट आपटून बर्फ झाडला, आत गेला आणि दार लावून घेतलं.