पेलवेल तीच रायफल

गेल्या शनिवारी दोन हजार डॉलर खिशात घालून मी लेकीबरोबर, केतकीबरोबर, कॅनडातल्या बंदुकीच्या दुकानात गेलो. डोंगरी मेंढ्याच्या शिकारीचा तिला पहिला परवाना मिळाला होता. दुकानदाराने काढलेली दणकट रायफल तिने डोळे मिटून पेलून पाहिली, परत केली आणि किलोभर हलकी निवडली. काडतुसंही खांद्याला कमी हिसका देणारी घेतली.

"अगं, चांगली वजनदार घे की!"

"बाबा, डोंगर मला चढायचाय. दमून नेम चुकला, मेंढा जखमी होऊन पळाला तर?"

पितळी पातेल्यापासून सागवानी कपाटापर्यंत मी जड तेच चांगलं मानत आलो. हिला मात्र स्वतःची ताकद नेमकी ठाऊक आहे. माझा ऊर भरून आला.

रायफलचे पैसे तिने स्वतःच दिले. काडतुसांचे साठ डॉलर तेवढे तिने मला दुकानदाराला देऊ दिले.