‘बोटीवर नाही’

मी तापट आहे आणि हुशारही आहे, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. पहिलं माझ्या तोंडावर, दुसरं पाहुण्यांसमोर. पुण्यातली नोकरी सोडून रेवदंड्याजवळच्या आमच्या कोळीवाड्यात परत आले, तेव्हा मच्छीमार सोसायटीसाठी मी मोबाईलवरचं एक अॅप लिहिलं. त्याचं काम एकच, कुठल्या बोटीवर कोण गेलंय ते सांगायचं. त्याआधी ही नावं सोसायटीतल्या फळ्यावर खडूने लिहीत, आणि दुपारपर्यंत कुणाची तरी पाठ लागून निम्मी पुसली जात.

समुद्रात रेंज नसते. म्हणून माहिती दूरच्या सर्व्हरवर न ठेवता मी एक छोटा, हलका डेटाबेस अॅपच्या पोटातच बसवला. त्याची मांडणी एखाद्या पत्त्यासारखी होती. वर सोसायटी, सोसायटीखाली बोट, बोटीखाली माणसं, आणि माणसाखाली त्याचा रक्तगट नि घरचा नंबर. जुन्यात जुन्या फोनवरही तो झटकन उघडायचा. बोट चालवणाऱ्या प्रत्येक तांडेलाच्या फोनमध्ये त्याची एक प्रत, आणि एक सोसायटीच्या कॉम्प्युटरवर. फोन ऑफिसच्या वायफायमध्ये आला की प्रती आपोआप जुळायच्या. मी भलतीच हवेत होते. सेक्रेटरीकाकांना ऐकवलंही होतं, "आता तो फळा भंगारात द्या."

एक गोष्ट मला कळायला हवी होती, कारण मी इथलीच. आमच्याकडे बोट सुटताना धक्क्यावर ऐनवेळी माणूस वाढतो. जाळं जड असलं, की तांडेल समोर दिसेल त्याला हाक मारतो आणि तो अंगावरच्या कपड्यांनिशी चढतो. घरी सांगायला थांबत नाही. निघालेल्या माणसाला ‘कुठे’ म्हणून विचारू नये, हे आमच्यात इतकं पाळतात, की आईसुद्धा विचारत नाही. तांडेल त्याचं नाव फोनमध्ये टाकतो, मी शिकवलं तसंच, पण बोट सुटल्यावर. आणि ऑफिसचं वायफाय धक्क्यापर्यंत पोचत नाही.

त्या ऑक्टोबरात एका सकाळी वारा फिरला. दुपारपर्यंत सगळ्या बोटी खाडीत शिरल्या, एक सोडून. तांडेलाचा फोन लागेना. मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ती बोट उघडली, सहा नावं निघाली, सहा घरांत निरोप गेले. तासाभरात सहाही घरची माणसं ऑफिसात येऊन बसली. कुणी रडत होतं, कुणी नुसतंच दाराकडे बघत होतं.

तेवढ्यात आमच्या शेजारची काकी आली. तिचा मुलगा अलिबागची रिक्षा चालवायचा. मुलाने समुद्रात जाऊ नये, म्हणून त्या रिक्षाच्या परमिटसाठी तिने किती हेलपाटे घातले होते, ते मी पाहिलेलं. रिक्षा दोन दिवस अलिबागला गॅरेजात होती, आणि अशा वेळी तोही कधीकधी रात्री तिथेच राहायचा.

"बाय, त्याचा फोन बंद हाय," ती म्हणाली. "तुजे कॉम्प्युटरात बघ ना. त्ये बोटीत तो न्हाय ना?"

मी त्याचं नाव टाकलं. पडद्यावर आलं, ‘बोटीवर नाही’.

ते शब्द मीच लिहिले होते. शोधलेलं नाव त्या बोटीखाली सापडलं नाही, की हे दाखव, एवढंच मी प्रोग्रामला सांगितलेलं. ‘या प्रतीत नोंद नाही’ असं लिहिता आलं असतं. ही प्रत कालची आहे, तेही दाखवता आलं असतं. पण ते लांबलचक वाटलं, आणि मला सुटसुटीत आवडतं.

"नाही काकी," मी म्हणाले. "तो बोटीवर नाही."

तिच्या जिवात जीव आला. माझ्या गालांवरून हात फिरवून तिने कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मग घरी जाऊन किटलीभर चहा घेऊन आली आणि त्या सहा घरच्या बायकांना एकेक कप देत, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसली. "येतील गो, येतील," म्हणत होती. तेव्हा मला तिचं फार कौतुक वाटलं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुरुडकडच्या एका बोटीने ती बोट ओढत आणली. आम्ही सगळे धक्क्यावर धावलो. एकेक जण उतरत होता, मी बोटांवर मोजत होते. चार, पाच, सहा. मी लहान मुलीसारखी ओरडले, "सगळे आले! सगळे आले!"

तांडेल शेवटी उतरला होता. त्याने मान वर केली नाही.

"आमी सात व्हतो," तो म्हणाला. "जाळं खेचताना पाण्यात जेला. लय शोधला."

त्याने काकीच्या मुलाचं नाव घेतलं. काकी माझ्या शेजारीच उभी होती, कुणाचं तरी ओलं गाठोडं हातात घेऊन. ती तांडेलावर तुटून पडली. "खोटा बोलतोस! माजा पोर बोटीत नव्हताच. ही सांगल ना. हिनी बघलान!" सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तिने माझं मनगट धरलं आणि मला अक्षरशः ओढत ऑफिसात नेलं. तांडेल मागून आला. तो उंबऱ्यात पोचला असेल-नसेल, त्याच्या खिशातल्या फोनला वायफाय मिळालं. माझं अॅप काडीचंही चुकलं नाही. प्रती जुळल्या.

"परत बघ," काकी म्हणाली.

मी बोट उघडली. सात नावं होती. सातवं आदल्या दिवशी पहाटे टाकलेलं, रक्तगटासकट, घरच्या नंबरासकट. तो नंबर काकीचा होता.

काकीने पडद्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय?" तिने विचारलं. "तू वाच."

मी वाचलं.