रॉडच जुना शे

उखाआबांना कोणीही "कसं काय आबा?" म्हणून विचारलं, तर उत्तर ठरलेलं असायचं : "थकनू." तापाने फणफणले असताना ते असं म्हणत आणि नातवाच्या हळदीत, नवं धोतर नेसूनही असंच म्हणत. शिरपुरात चोपडा रस्त्याला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. विहिरीवरच्या डिझेल इंजिनांचे ते मिस्तरी. शेताशेतांत विजेच्या मोटारी आल्या, इंजिनं भंगारात गेली, तरी आबा रोज सकाळी दुकान उघडून बसायचे. सुरुवातीला मला वाटायचं, हा म्हातारा नुसता कुरकुऱ्या आहे. ते खरोखरच थकलेले आहेत आणि तरीही बोलावलं की येतात, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

जीभ मात्र थकलेली नव्हती. त्यांचा सगळा राग एकाच चुकीवर होता. इंजिन पाण्यात बुडालं, की लोक ते बाहेर काढतात आणि चालतंय का बघायला लगेच हँडल मारतात. आत पाणी असलं तर वर येणारा पिस्टन त्यावर आपटतो आणि त्याला ढकलणारा लोखंडी रॉड वाकतो. "हवा दबस, पानी दबस नही," आबा सांगायचे, "इतलं तर लहान पोऱ्याले बी समजस." ज्याने हँडल मारलं त्याची ते चारचौघांत सालटी काढायचे. एका बड्या केळीवाल्याला त्यांनी त्याच्या व्याह्यांसमोर अशी ऐकवली, की त्याने पुढे आबांच्या दुकानावरून जाणंच सोडलं.

मी शिकवतो ती शाळा तापीच्या पलीकडे, शिंदखेड्याच्या अंगाला आहे. पुलावरून जायचं तर फार मोठा वळसा पडतो, म्हणून मी रोज सिंधूअक्काच्या नावेने जातो; तिला विहिरीवरचंच डिझेल इंजिन बसवलेलं आहे. नवरा गेल्यावर नाव तिनेच हातात घेतली. हे तिच्या दिराला पसंत नव्हतं. नाव विकावी आणि वहिनीने आमच्याबरोबर सुरतेला कामाला यावं, असा त्याचा हेका. शेवटी घरात असं ठरलं, की तिच्या हातून एकदा जरी काही बिघडलं तरी नाव विकायची.

एक दिवस खालच्या बंधाऱ्याची दारं बंद केली आणि पाऊस नसतानाही नदी चढली. मागून आखूड बांधलेल्या दोराने नावेला पाण्याबरोबर वर येऊ दिलं नाही आणि तिची मागची बाजू इंजिनासकट पाण्याखाली गेली. दोर आदल्या संध्याकाळी दिराने बांधला होता, पण त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. मी काठावर पोहोचलो तेव्हा इंजिन वाळूत उन्हात ठेवलेलं होतं. कोणीतरी त्याला उदबत्तीही लावली होती. मी आबांना फोन केला.

"त्याले परत पानीमा ठेवा," आबा म्हणाले. "लोखंड पानीमा सडस नही, वारा लागना का सडस. मी उनू का मंगच काढा."

हे ऐकून लोक हसले. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणाले. अक्का हसली नाही. तिने दोघा भोयांना हाताशी घेतलं आणि इंजिन पाण्याने भरलेल्या पिंपात उतरवलं.

आबा दुपारच्या बसने आले, गुडघे धरत काठ उतरले. त्यांनी इंजिन बाहेर काढवलं, तेल सोडलं. ते दुधाच्या चहासारखं पांढुरकं निघालं. मग वरचं डोकं उघडून, आतलं पाणी काढून त्यांनी चाक हाताने अगदी सावकाश फिरवलं. पिस्टन वर आला, पण कडेशी येण्याऐवजी दोन सूत खालीच थांबला. आबांनी पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. रॉड वाकला होता.

"हँडल कोनी मारं?" त्यांनी विचारलं.

दीर म्हणाला, कोणीच नाही, आणि अक्काकडे बघू लागला. अक्काने उजवा हात पदराखाली घेतला होता. त्याआधी मी तो पाहिला होता. अंगठा सुजून काळानिळा झाला होता, उलट फिरलेल्या हँडलने होतो तसा. आबांनी पदराकडे पाहिलं. आता हिची धडगत नाही, असं मला वाटलं.

आबा खाली बसले, फडक्याला हात पुसत राहिले. मग दिराला म्हणाले, "रॉडच जुना शे. कोनी काही करं नही."

त्यांच्या दुकानात स्वतःच्या विहिरीवरचं इंजिन जपून ठेवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यातला रॉड काढून ते घेऊन आले. सगळे भाग डिझेलमध्ये धुतले, तेल भरून सोडलं, परत भरलं, परत सोडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी इंजिन धडधडलं. परतताना बसथांब्यावर मी त्यांना विचारलं, की आजवर कोणाला सोडलं नाहीत, मग हे खोटं कशासाठी?

"रॉड भेटी जास, मास्तर," ते म्हणाले. "तिले दुसरी नाव कोन देवाव शे?" आणि जरा थांबून, "थकनू मी."

आबा यंदा गेले. दहावा तापीकाठीच झाला. शिरपूरची माणसं होती, पलीकडची माणसं अक्काने नावेने आणली. विधी आटोपल्यावर आबांच्या गोष्टी निघाल्या. अक्काचा दीर कौतुकाने सांगू लागला, की आमच्या इंजिनाचा रॉड आधीच खराब होता, ते आबांनी नुसतं चाक फिरवून ओळखलं. दुसऱ्या कोणाला कळलं नसतं.

अक्का बायकांत बसली होती. तिथूनच म्हणाली, "रॉड चांगला व्हता. हँडल मी मारं."

मी नदीकडे तोंड केलं. दीर वाळूत रेघा ओढत बसला. मग वर न बघता म्हणाला, "वहिनी, पलीकडे माणसं थांबेल शेतस. तुन्ही नाव काढ."