मच्छिंद्रच्या तारेची धार

मुरुम गावात लग्न असो की जयंतीची मिरवणूक, अमरदीपच्या बँड पार्टीचा टेम्पो गल्लीत शिरला की बायाबापड्या ओट्यावर येऊन उभ्या राहायच्या, त्या मच्छिंद्रच्या गिटारसाठी. उगं सांगत न्हाय! दिवसा हा माणूस लोकांच्या भिंती रंगवायचा, नखांत कायम ऑइलपेंट. पण एकदा त्यानं तार छेडली की ढोलकीच्या गदारोळातनंसुद्धा ती खणखणीत वेगळी निघायची. त्या धारेवर त्याचं सगळं नाव होतं. आणि टेम्पोवर उभा राहायचा कुठं, तर थेट भोंग्याच्या तोंडाशी. "आपला हात चुकला तर आधी आपल्याला कळाया पायजे," म्हणायचा. सारी उमेदीची वर्षं खुळा तिथंच उभा राहिला.

अलीकडं मात्र ती धार त्याला सापडंना. तार छेडावी तर आवाज गोणपाटात गुंडाळल्यासारखा. मग अँपचं ट्रेबलचं, म्हंजे आवाजाला धार देणारं बटण पिळायचं, अजून पिळायचं. पार्टीतली माणसं तोंड वाकडं करायला लागली. शेवटी अमरदीपनं स्पष्टच सांगितलं, "मामा, तुमचा आवाज लई टोचायलाय. तुळजापूरच्या लग्नात बी असंच झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागंल."

मच्छिंद्रला हसावं का रडावं कळंना. टोचायला आधी धार तर पायजे! पण पार्टी सुटली तर उरणार काय, ब्रश आन् बादली? तो तडक शांतलिंगकडं गेला. शांतलिंग गावातला रेडिओ-अँप दुरुस्त करणारा. त्यानं गिटारची ती लांबलचक, दोन ठिकाणी जोड दिलेली वायर हातात घेतली आणि मान हलवली.

"मामा, गिटारातनं येणारा सिग्नल लई नाजूक. वायर एवढी लांब झाली की त्यातलं बारीक, खणखणीत तेवढं वायरच पिऊन टाकती. अँपापतूर निस्ता गोळा पोचतो. गिटारापाशी बफर लावू. लहानशी डबी असती, ती सिग्नलला जोर देती. मग वायर कितीबी लांब असू द्या."

मच्छिंद्रच्या जिवात जीव आला. म्हंजे चोर वायर होती! घरी जाताना तो चक्क शीळ घालत गेला.

रविवारी सकाळी शांतलिंग डबी घेऊन घरी आला. सरुबाई, मच्छिंद्रची बायको, उंबऱ्यात मेथी निवडत बसली होती. शांतलिंगनं वायरी जोडल्या आणि म्हणाला, "वाजवा."

मच्छिंद्रनं डोळे मिटून तार छेडली. त्याला ती धार इतकी हवी होती, की ती आलीच.

"व्हय! आता कशी बोलायली बघ!"

शांतलिंग हसायला लागला. "आवो मामा, डबीचं बटण आजून बंदच हाय की!"

त्यानं बटण दाबलं. मच्छिंद्रनं पुन्हा छेडली. सरुबाईच्या हातातली जुडी खाली पडली, दोन्ही हात कानांवर गेले. "आगं माय! कान फाडता का काय!" शांतलिंग खुशीत ओरडला, "बघा, कशी धार आली!"

मच्छिंद्रला मात्र आवाज बदललेला कळलाच न्हाय. तोच गोणपाटातला. तो एकदा शांतलिंगकडं बघायचा, एकदा बायकोच्या कानांवरल्या हातांकडं. मग त्याच्या ध्यानात आलं. वायरीनं काही पिलं नव्हतं, म्हणजे पिलं असंल ते थोडंच. बाकीचं त्याच्या कानांतनं भोंग्यानं कधीच खाल्लं होतं.

"झ्याक झालंय," तो शांतलिंगला म्हणाला. बिचाऱ्यानं एवढं मनापासून केलं होतं.

शांतलिंग गेल्यावर त्यानं सरुबाईला समोर बसवलं. "म्या बटण कमी करत जातो. बरोबर वाटलं की हात वर कर." तो वाजवत राहिला, ट्रेबल उतरवत राहिला. बटण अर्ध्याच्याबी खाली आलं तेव्हा तिनं हात वर केला.

"कसा हाय?"

"पयल्यासारखा," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "आगदी पयल्यासारखा."

मच्छिंद्रनं तीच चाल पुन्हा वाजवली. त्याच्या कानाशी आता गोळासुद्धा नीट उरला नव्हता, निस्ती बोटांची धपधप. जीव तुटला त्याचा. ज्या आवाजासाठी जन्म घातला तो घरात वाजत होता आणि त्याच्याशिवाय सगळ्यांना ऐकू येत होता.

त्यानं वायर काढली. "अमरदीपला फोन लाव. म्हणावं, दुसरा माणूस बघ."

सरुबाई तोंड फिरवून पदरानं डोळे पुसत होती. "आजून एकदा वाजवा की," ती हळूच म्हणाली.

तिची पाठ होती, शब्द त्याच्यापतूर पोचलेच न्हाईत. मच्छिंद्रनं गिटार खोळीत घातली आणि चेन ओढून घेतली.